खोक्यावरची दोन अक्षरे

एकाच चिपची दोन ग्राफिक्स कार्डे शेजारी ठेवून त्यांच्या खोक्यांवरचा मजकूर सावकाश वाचला, तर पुष्कळदा फरक दोनच अक्षरांचा निघतो: एकावर ‘ओसी’ (म्हणजे ओव्हरक्लॉक्ड, नेमून दिलेल्याहून वेग वाढवलेले) असते, दुसऱ्यावर नसते. चिप तीच, मेमरी तेवढीच आणि त्याच वेगाची, मागचे पोर्ट तेच, कधी कधी हीटसिंक (चिपेची उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग) आणि पंखेसुद्धा तेच. तरीही त्या दोन अक्षरांपायी कधी तीन, कधी दहा, तर कधी वीस टक्के जास्त पैसे मागितले जातात. हे जास्तीचे पैसे मी आजवर दोनदा मोजले आहेत आणि दोनदा वाचवले आहेत. आणि चारही वेळा खरेदीनंतरचा पहिला आठवडा आपण चुकलो तर नाही ना, या विचारात घालवला आहे. कारखान्यातूनच वेग वाढवून आलेले कार्ड जास्त पैशांच्या लायकीचे असते का, या प्रश्नाचे माझे उत्तर बराच काळ दर खरेदीला बदलत राहिले. आता ते बदलत नाही, आणि ते का स्थिरावले हे नीट मांडून पाहावेसे वाटले.

ओव्हरक्लॉकिंग या शब्दाला मुळात एक चोरटा आनंद चिकटलेला होता. उत्पादक चिप विकताना तिला एक वेग नेमून देत असे आणि तो नेमताना हाताशी काही राखून ठेवत असे, कारण त्याच वेगाने लाखो चिपा, निरनिराळ्या तापमानात, कसल्याही वीजपुरवठ्यावर, वर्षानुवर्षे चालायच्या असत. एकाच वेफरवरून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरून, कापलेल्या चिपाही सारख्या निपजत नाहीत. काहींना थोड्या व्होल्टेजमध्ये मोठा वेग झेपतो, काहींना नेमून दिलेला वेगही जेमतेम झेपतो. नेमलेला वेग हा त्या जेमतेम चालणाऱ्या भावंडांना सांभाळून ठरवलेला असे. त्यामुळे नशीब चांगले असेल तर आपल्या वाट्याला आलेल्या चिपेत न विकलेला, म्हणूनच फुकटचा, असा काही वेग शिल्लक असे, आणि तो काढून घेणे हा ज्याचा त्याचा उद्योग होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर याच कारणाने गाजला. त्याचा बस वेग (ज्याच्या ठरावीक पटीत प्रोसेसर चालतो तो मूळ वेग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावू लागे, आणि पुष्कळ चिपा तेथे तक्रार न करता धावत. दीडपट वेग, एका पैचा खर्च नाही. ज्या कोणी तेव्हा हे केले, त्याच्या मनात ओव्हरक्लॉकिंग या शब्दाची किंमत कायमची चढून बसली, आणि आजच्या खोक्यावरची ती दोन अक्षरे याच चढलेल्या किमतीवर जगतात, असे मला वाटते.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही असा एक काळ होता आणि तो फार जुना नाही. २०१० मध्ये आलेल्या, ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ४६० चा मूळ वेग ६७५ मेगाहर्ट्झ होता, आणि चिपेत मात्र त्याहून कितीतरी जास्त दम होता. कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी तो ओळखला आणि वाढीव वेगाची कार्डे बाजारात आणली. त्यांतले ईव्हीजीएचे एफटीडब्ल्यू हे कार्ड थेट ८५० मेगाहर्ट्झवर विकले जात होते, म्हणजे मूळ वेगाहून सुमारे २६ टक्के वर. ही नुसती अक्षरांची करामत नव्हती. तेवढ्या फरकाने कार्डाची पायरीच बदलत होती. म्हणूनच त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिची एचडी ६८०० मालिका बाजारात येताना, तुलनेसाठी एनव्हिडियाने परीक्षकांच्या हाती हेच ८५० चे कार्ड पोहोचवले तेव्हा चांगलाच वाद झाला. ज्या कार्डाचा वेग एका उत्पादकाच्या एका मॉडेलपुरता आहे, त्याला त्या चिपेचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे योग्य आहे का, असा तो वाद होता. मला त्या वादातला निकाल महत्त्वाचा वाटत नाही. असा वाद होऊ शकला, हे महत्त्वाचे वाटते. आज तो कोणी घालणार नाही, कारण भांडण्याइतके अंतरच उरलेले नाही.

ते अंतर कोठे गेले? उत्तर २०१२ मध्ये सापडते. त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या जीटीएक्स ६८० वर वेगाचे दोन आकडे छापलेले होते: १००६ मेगाहर्ट्झचा बेस आणि १०५८ चा बूस्ट. तोपर्यंत खेळ चालू असताना कार्डाचा वेग हा एक खिळा मारून पक्का केलेला आकडा असे. आता चिप स्वतःच आपण किती वीज खात आहोत हे क्षणोक्षणी पाहू लागली आणि वाव असेल तेव्हा स्वतःचा वेग वाढवू लागली. पुढच्याच वर्षी तिने तापमानही हिशेबात धरले. एएमडीनेही २०१२ च्या जूनमध्ये एचडी ७९७० ची गिगाहर्ट्झ आवृत्ती आणताना स्वतःची बूस्ट पद्धत आणली, आणि २०१६ च्या एनव्हिडियाच्या पास्कल चिपांपर्यंत ही युक्ती इतकी बारीक झाली की कार्ड मिनिटामिनिटाला तेरा-तेरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्या चढत-उतरत राहते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जीटीएक्स १०८० च्या खोक्यावर १७३३ मेगाहर्ट्झ बूस्ट छापलेले असे. प्रत्यक्षात चांगल्या हीटसिंकचे कोणतेही कार्ड, ओसी असो वा नसो, १८०० च्या पुढे सहज जाई आणि पुष्कळदा १९०० ओलांडी.

याचा अर्थ नीट लक्षात यायला मला काही वर्षे लागली, म्हणून तो सावकाश सांगतो. जी शिल्लक पूर्वी चिपेत पडून राहत असे आणि हुशार खरेदीदार जी काढून घेत असे, ती आता चिप स्वतःच, सर्वांसाठी, पहिल्या दिवसापासून खर्च करते. साधे म्हणून विकलेले कार्डही जुन्या अर्थाने ओव्हरक्लॉक केलेलेच असते. खोक्यावर छापलेला बूस्टचा आकडा ही कमाल नसून उत्पादकाने दिलेली एक प्रकारची ग्वाही असते, आणि कार्ड बहुतेक वेळा त्या ग्वाहीच्या बरेच वर असते. मग ओसी आवृत्तीत कारखाना काय करतो? वेग आणि व्होल्टेज यांचा जो आलेख चिपेला दिलेला असतो, तो थोडासा वर सरकवतो: ज्या व्होल्टेजला आधी अमुक वेग होता, त्याच व्होल्टेजला आता तीस, साठ किंवा नव्वद मेगाहर्ट्झ जास्त. पण कार्ड चालताना शेवटी अडते ते विजेच्या मर्यादेवर, तापमानावर किंवा व्होल्टेजच्या कमाल आकड्यावर, आणि या मर्यादा दोन्ही आवृत्त्यांत सारख्याच असतील तर आलेख वर सरकवून झालेला लाभ प्रत्यक्षात बराचसा विरून जातो. कागदावरचे नव्वद मेगाहर्ट्झ खेळ चालू असताना तीस-चाळीस होऊन भेटतात, आणि साध्या कार्डाच्या वाट्याला चिप जरा बरी आली असेल तर तेही भेटत नाहीत.

आकडे घेऊनच पाहू. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० चा ठरलेला बूस्ट २५२० मेगाहर्ट्झ आहे, आणि आसूसच्या आरओजी स्ट्रिक्स ओसी या भारदस्त कार्डाचा २६१०. फरक नव्वद मेगाहर्ट्झचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हे साडेतीन टक्के पूर्णपणे फ्रेममध्ये (पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांमध्ये) उतरले असे समजू, जरी तसे ते सहसा उतरत नाहीत, कारण फ्रेम तयार व्हायला चिपेइतकीच मेमरीही लागते आणि कारखान्यात वाढवलेल्या कार्डांमध्ये मेमरीला बहुधा हात लावलेला नसतो. गोळाबेरीज सोपी जावी म्हणून चार टक्केच धरू. सेकंदाला साठ फ्रेम मिळत असतील तर बासष्ट मिळतील, थोड्या जास्त. एका फ्रेमला लागणारा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून १६ वर येईल. दोन मॉनिटर शेजारी ठेवून, कोणता कोणाचा हे न सांगता, हा फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जेथे कार्ड अडखळते, म्हणजे एखाद्या प्रसंगात ३० फ्रेमवर येते, तेथे हे चार टक्के एकतिसावी फ्रेम देतात. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हटले तरी येथे ताकही वाटीभर मिळत नाही.

आणि त्या वाटीभर ताकासाठी कार्ड किती पेटते ते पाहण्यासारखे आहे. चिपेत खर्च होणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाच टक्के वाढवायचा आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही पाच टक्के चढवायचे, तर वीज सोळा टक्क्यांच्या जवळपास वाढते. चिप जितकी आपल्या वेगाच्या टोकाजवळ असेल तितका हा व्यवहार आणखी महाग होतो, आणि बूस्टच्या कृपेने आता प्रत्येक चिप जन्मतःच टोकाजवळ असते. म्हणजे कारखाना ज्या जागी वेग वाढवतो, नेमकी तीच जागा वाढवायला सर्वांत वाईट असते. हेच गणित उलट चालवले की ते आपल्या बाजूने काम करू लागते: विजेची मर्यादा वीस टक्के खाली आणली तर वेग वीस टक्के उतरत नाही, काही टक्केच उतरतो. या उलट्या गणिताकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

इतके सगळे झाल्यावर प्रश्न मिटला असे वाटेल, आणि पहिल्यांदा ओसी कार्ड नाकारताना मलाही तसेच वाटले होते. मी त्या चिपचे सर्वांत स्वस्त कार्ड घेतले, वाचलेल्या पैशांचे मनातल्या मनात कौतुक केले आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की कॅबिनेटमध्ये कोणीतरी केस वाळवत बसले आहे. वेगात काहीही कमी नव्हते. आकडे परीक्षणांत दिसत होते तसेच्या तसे मिळत होते. पण ते मिळवण्यासाठी दोन छोटे पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते, आणि हेडफोन काढला की खोलीत दुसरे काही ऐकू येत नसे. परीक्षणांतल्या फ्रेमच्या तक्त्यांत हा आवाज कोठेच नव्हता. तो होता शेवटच्या पानावर, डेसिबलच्या एका रकान्यात, जो मी वाचलाच नव्हता.

येथे या विषयातली खरी गुंतागुंत सुरू होते. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या हातात तसे फार थोडे असते. चिप ती स्वतः बनवत नाही, मेमरी बनवत नाही, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लिहीत नाही, आणि विजेची कमाल मर्यादासुद्धा चिपवाल्यानेच आखून दिलेली असते. तिच्या हाती उरतो तो हीटसिंक, पंखे, वीज पुरवणाऱ्या भागांची प्रत, बाहेरचे कवच आणि वेगाचा थोडासा सरकता आकडा. एवढ्या सामग्रीवर एकाच चिपची पाच-सहा मॉडेले उभी करून त्यांची उतरंड लावायची असते, आणि नफाही त्या उतरंडीच्या वरच्या मडक्यांतच असतो. ईव्हीजीएसारखी या धंद्यात मुरलेली कंपनी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ग्राफिक्स कार्डांतून कायमची बाहेर पडली, तेव्हा या धंद्यातला नफा किती पातळ आहे याची चर्चा बरीच झाली. त्या उतरंडीत आकड्याला एक सोय असते: तो खोक्यावर छापता येतो. ‘आमचा हीटसिंक जाड आहे आणि पंखे सावकाश फिरतात’ हे खोक्यावर ठसवणे अवघड. ‘२६१० मेगाहर्ट्झ’ हे सोपे. म्हणून ज्या कार्डावर चांगला हीटसिंक बसवला जातो त्याच कार्डाला वाढीव वेगही दिला जातो आणि विक्री वेगाच्या नावाने होते. मिळणारी मोलाची वस्तू एक, आणि तिच्यावरची चिठ्ठी दुसऱ्याच वस्तूची. (कार्डांना योद्ध्यांची, श्वापदांची आणि शस्त्रांची नावे देण्याची जी हौस आहे, तिच्याबद्दल वेगळे काही बोलायला नको. आवाज न करणाऱ्या वस्तूला वाघाचे नाव देण्यातला विनोद त्यांच्या ध्यानात येत नसावा.)

हीटसिंकचे मोल किती, याचा धडा सगळ्यांनाच एकदा मोठ्या प्रमाणावर मिळाला आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडीचे आर९ २९०एक्स आले तेव्हा त्याचा वेग ‘१००० मेगाहर्ट्झपर्यंत’ असा सांगितलेला होता, आणि सारी गंमत त्या ‘पर्यंत’ मध्ये होती. मूळ रचनेतला एकच ब्लोअर पंखा त्या चिपेची उष्णता बाहेर टाकायला पुरत नसे. चिप ९५ अंश सेल्सियसला टेकत असे आणि तेथून पुढे वेग घटवूनच स्वतःला सांभाळत असे. कार्डावर एक छोटे बटण होते, शांत आणि जोरकस अशा दोन बायोसांमधून (कार्डातच साठवलेल्या मूळ सूचनांच्या संचांमधून) निवड करण्यासाठी. शांत बाजूला ठेवले की काही मिनिटांत वेग घसरू लागे आणि जोरकस बाजूला ठेवले की घरातली माणसे विचारपूस करू लागत. काही आठवड्यांनी इतर उत्पादकांनी आपापले तीन पंख्यांचे हीटसिंक लावून तीच चिप विकायला आणली, तेव्हा ती कमी आवाजात पूर्ण वेग धरून चालू लागली. त्या कार्डांवरही वाढीव वेगाचे पाच टक्के छापलेले होते. पण त्यांचा मोठेपणा त्या पाच टक्क्यांत नव्हता; मूळ हजार तरी शेवटपर्यंत टिकत होते, यात होता.

आवाजाचे गणित वेगाच्या गणिताहून कितीतरी उदार आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय येथेच लागतो. पंख्याची गती निम्मी केली तर त्याचा आवाज ढोबळ नियमाने पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट-निमपटीचा वाटतो. गती वीस टक्के कमी झाली तरी पाचेक डेसिबल वाचतात, आणि तेवढा फरक कोणालाही, न सांगता, दुसऱ्या खोलीतूनही कळतो. मोठ्या हीटसिंकचे काम एवढेच असते की तितकीच उष्णता बाहेर टाकायला पंख्यांना कमी फिरावे लागावे. चार टक्के फ्रेम डोळ्यांना दिसत नाहीत. वीस टक्के कमी फिरणारा पंखा कानांना स्पष्ट कळतो. दोन्ही एकाच खोक्यात, एकाच किमतीला येतात, आणि आपण मात्र न दिसणाऱ्या गोष्टीवर वर्षानुवर्षे वाद घालत बसतो.

पण प्रत्येक ओसी कार्डावर मोठा हीटसिंक असतोच असे नाही, आणि हीच यातली मेख आहे. पुष्कळ मॉडेले अशी असतात की साधे आणि ओसी यांच्यात बायोसमधल्या एका आकड्याखेरीज काहीच फरक नसतो: वजन तेच, मापे तीच, विजेची मर्यादा तीच. अशा जोडीतल्या ओसीसाठी जास्तीचा एक पैसाही देऊ नये असे मी बेधडक सांगतो, कारण तो आकडा एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उघडून, एक पट्टी सरकवून, दोन मिनिटांत कोणालाही मिळवता येतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर तर कोणत्याही उत्पादकाच्या कार्डावर चालते. उलट, दोन कार्डांच्या वजनात आणि जाडीत ठसठशीत फरक असेल तर खोक्यावर ओसी लिहिलेले असो वा नसो, त्या फरकाचे पैसे देण्याचा विचार करावा. खरेदीआधी मी आता मेगाहर्ट्झचा रकाना वाचत नाही. कार्डाचे वजन, लांबी, पंख्यांचा व्यास आणि मोजलेला आवाज पाहतो.

कारखान्याने वाढवलेल्या वेगाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खोटा नाही: तो वेग तपासलेला असतो आणि वॉरंटीत बसतो. स्वतः वाढवलेला वेग तीन दिवस नीट चालतो आणि चौथ्या दिवशी नेमका एका खेळात, नेमक्या एका प्रसंगी, पडदा काळा होतो. मग महिनाभर ड्रायव्हर बदलत बसावे लागते. तपासलेला वेग विकत घेणे म्हणजे हा महिना विकत घेणे. मी पहिल्यांदा ओसी कार्ड घेतले ते याच विचाराने. आणि त्याच कार्डाने मला एका खेळात दर दोन-तीन तासांनी बाहेर फेकायला सुरुवात केली. ड्रायव्हर बदलले, मेमरी तपासली, वीजपुरवठ्याचे केबल बदलून पाहिले, सगळे झाले. शेवटी निराश होऊन मी वेगाची पट्टी तीस मेगाहर्ट्झ खाली ओढली आणि त्या दिवसापासून ते कार्ड एकदाही पडले नाही. ते तीस मेगाहर्ट्झ म्हणजे साध्या आवृत्तीत आणि माझ्या ओसी आवृत्तीत जेवढा फरक होता बरोबर तेवढेच होते. जास्त पैसे देऊन घेतलेली वस्तू मी स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मला त्या दिवशी आठवली, यात नवल नाही.

हा माझ्या एकट्याच्या नशिबाचा भाग असेल, पण तपासलेला वेग म्हणजे अभंग वेग नव्हे, हे मोठ्या प्रमाणावरही दिसलेले आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आरटीएक्स ३०८० आले तेव्हा पहिल्या काही दिवसांत कित्येक कार्डे वेग २ गिगाहर्ट्झच्या आसपास पोहोचला की खेळ बंद पाडू लागली. चिपेच्या पाठीमागे बसवलेल्या कपॅसिटरांच्या (वीज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांच्या) प्रकारांवरून बराच खल झाला, लोक कार्ड उलटे करून छायाचित्रे तपासू लागले. महिनाअखेरीस एनव्हिडियाने ४५६.५५ या क्रमांकाचा ड्रायव्हर दिला आणि तक्रारी बऱ्याच ओसरल्या. बूस्टच टोकावर चालत असेल तर वर चढवलेले थोडेसे ओझेही कोठे ना कोठे जाणवते. त्याच वर्षी जानेवारीत एएमडीच्या आरएक्स ५६०० एक्सटी ची गोष्ट तर आणखी विलक्षण होती. स्पर्धकाने किंमत उतरवल्यामुळे एएमडीने ऐन विक्रीच्या तोंडावर नवे बायोस काढून चिपेचा वेग वाढवला आणि मेमरी १२ वरून १४ गिगाबिटवर नेण्याची मुभा दिली. पण तोवर कार्डे खोक्यांत भरून निघालेली होती. त्यामुळे तेच कार्ड एकाला जुन्या वेगाने तर दुसऱ्याला नव्या वेगाने मिळाले, आणि ज्यांना वेग हवा त्यांनी बायोस स्वतः चढवायचे होते. कारखान्याचा वेग म्हणजे कारखान्यातच, विचारपूर्वक ठरलेला वेग, ही समजूत त्या महिन्यात जरा सैल झाली.

चिपवाल्या कंपनीलाही या दोन अक्षरांचे बाजारमूल्य चांगले ठाऊक असते. २०१८ च्या ट्युरिंग चिपांच्या वेळी एनव्हिडियाने एकच चिप दोन प्रतींत विकायला काढली. नावापुढे ए असलेल्या चिपेचाच वेग कारखान्यात वाढवण्याची परवानगी होती, दुसरीचा नाही. आरटीएक्स २०८० टीआय चा मूळ बूस्ट १५४५ मेगाहर्ट्झ ठेवून तिने स्वतःच्या फाउंडर्स एडिशनला १६३५ दिला आणि विजेची मर्यादा २५० वरून २६० वॅट केली. म्हणजे मूळ मोजपट्टी आखणाऱ्यानेच मोजपट्टीच्या वरचे कार्ड विकायला ठेवले. जी शिल्लक कधी काळी आपली होती ती आधी कार्ड बनवणाऱ्यांनी विकली, आणि मग चिपवाल्यांनी त्यांनाच विकली.

मग जास्त पैसे कधी द्यावेत? सर्वांत आधी मी एक साधी तुलना करतो: या चिपचे ओसी कार्ड आणि वरच्या चिपचे साधे कार्ड यांच्या किमतींत किती अंतर आहे? शेजारच्या दोन चिपांमध्ये सहसा पंधरा-वीस टक्के किंवा त्याहून जास्त कामगिरीचा फरक असतो, आणि वरच्या चिपेला कधी कधी मेमरीही जास्त असते, जी कोणत्याही पट्टीने वाढवता येत नाही. ओसीसाठी मागितलेले जादा पैसे त्या अंतराच्या निम्म्यापर्यंत गेले असतील, तर माझा निर्णय तेथेच होतो: एक तर पायरी चढायची, नाहीतर साधे घ्यायचे. मधल्या जागी उभे राहण्यात काही अर्थ नाही. अपवाद सर्वांत वरच्या चिपेचा, कारण तिच्यावर पायरीच नाही. आणि द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांचा, ज्यांना जाड वीजमार्ग खरोखरच लागतात. कॅबिनेट लहान असेल तर प्रश्न निराळाच होतो, कारण साडेतीन स्लॉट जाडीचे, स्वतःच्या वजनाने वाकणारे कार्ड आत मावतच नाही, आणि मावले तरी त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

सध्या माझ्याकडे आहे ते कार्ड ओसी आहे, आणि ते मी पूर्ण शुद्धीत घेतले आहे. त्याच चिपच्या साध्या कार्डाहून ते जवळजवळ दीडपट जड होते आणि मोजलेल्या आवाजाच्या रकान्यात सर्वांत खाली होते, एवढे मला पुरले. घेतल्यावर पहिले काम म्हणून मी त्याची विजेची मर्यादा वीस टक्के खाली आणली. ज्या उलट्या गणिताकडे मी परत येणार होतो ते हे: वेग थोडा उतरला, फ्रेम काही मोजक्याच गेल्या, आणि ज्या हीटसिंकची रचना पूर्ण ताकदीची उष्णता पेलण्यासाठी झाली होती त्याला आता बरीच कमी उष्णता पेलायची असल्याने पंखे जवळजवळ झोपेत फिरतात. खोक्यावरचा बूस्टचा आकडा या कार्डाने माझ्या घरी बहुधा फारसा गाठलेला नाही. एक मित्र मुक्कामाला आला असताना रात्री उशिरापर्यंत खेळत बसला होता. खेळ संपवून उठताना त्याने विचारले की हे मशीन चालू असताना पंखे बंदच असतात का. फ्रेम किती मिळत होत्या, हे त्याने विचारले नाही.

कार्डाच्या वरच्या कडेला एक बारीकसे बटण आहे. त्याच्या एका बाजूला ‘ओसी’ असे कोरलेले आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘सायलेंट’. बसवताना ते मी नखाने दुसऱ्या बाजूला सरकवले, आणि त्यानंतर कॅबिनेट उघडले आहे ते फक्त धूळ झटकायला.